रात्री बारानंतर काही नाही

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीच्या दहा महिन्यांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी सिस्टर सांगून गेल्या, "बाळाला रात्री बारानंतर काही द्यायचं नाही." का, ते नाही. प्रत्यक्षात नंबर लागला सकाळी अकराला. रडून रडून पोराचा घसा बसला. आईचा वास आला की ते आणखीच झेपावे, म्हणून मी त्याला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. आत भाचीची छाती दगडासारखी झालेली, पदर भिजलेला. आणि भिंतीवर स्तनपानाची महती सांगणारं पोस्टर!

शेजारच्या खाटेवरची बाई हळूच म्हणाली, "मी पाजलं हो पहाटे, संडासात नेऊन. कुणाला सांगू नका." मी हादरले. भुलीखाली पोटातलं दूध वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. एवढं तिला कुणी सांगितलं असतं तर तिने चोरून पाजलं नसतं. मी समजावलं, तिने सिस्टरांना खरं सांगितलं. ऑपरेशन पुढे गेलं, आणि 'अडाणी बायका' म्हणून बोलणी खाल्ली ती तिनेच.

पोट रिकामं हवं, हे खरंच. पण आईचं दूध डब्याच्या दुधापेक्षा लवकर पचतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच म्हटलं आहे की आईचं दूध ४ तास आधीपर्यंत, डब्याचं ६ तास, पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. युरोपातल्या २०२२च्या सूचनांत तर आईच्या दुधासाठी ३ तासच आहेत. 'बारानंतर नाही' हा नियम बाळाच्या पोटावरून नव्हे, यादीच्या सोयीवरून आला आहे. यादी मागेपुढे होते, सिस्टरांनाही शंभर कामं असतात, हे मान्य. पण त्याची किंमत तान्ह्यांनी का मोजायची?

गटातली कुणी बाळाला घेऊन भरती होत असेल तर तिच्यासोबत जा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच गाठा. नंबर कितवा, अंगावर शेवटचं कधी पाजायचं, पाणी कधीपर्यंत, हे कागदावर लिहून मागा. ऑपरेशन लांबलं तर पुन्हा विचारा. काही आजारांत जास्त तास लागतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. चुकून पाजलं गेलं तर लपवू नका. दूध पिळून काढायला आडोसा मागा, तो मागायला लाजू नका.

तुमच्याकडच्या दवाखान्यांत काय सांगतात, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू.