आधी दार कुठे आहे ते विचारा

हल्ली सुट्टीत मुलांचं सिनेमा आणि भेळपुरीवर भागत नाही, त्यांना ‘एस्केप रूम’ हवी असते. म्हणजे चार-पाच जणांनी पैसे भरून एका खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवत साठ मिनिटांत बाहेर पडायचं! २००७ साली जपानच्या क्योतो शहरात ताकाओ कातो यांनी हा खेळ मांडला आणि पुढे तो जगभर गेला.

खेळ झकास आहे, हे आधीच सांगते. आम्ही ठाकूरद्वारहून अंधेरीला गेलो ते चौघं : मी, माझी बहीण आणि तिची दोन मुलं. पुस्तक नेमक्या खाचेत ठेवलं की सेन्सर ते ओळखतो आणि कपाट आपोआप उघडतं. जांभळ्या टॉर्चखाली भिंतीवरचे न दिसणारे आकडे चमकतात. अडलंच तर पडद्यावर इशारा येतो. एकट्या हुशाराचं इथे काही चालत नाही. भाच्याने आकडे जुळवले, पण गालिचाखालची चिठ्ठी सापडली बहिणीलाच. घरभर हरवलेल्या वस्तू शोधून द्यायचा वीस वर्षांचा सराव!

पण मला बोलायचंय ते खेळाआधीच्या पाच मिनिटांबद्दल. नियम सांगणाऱ्या मुलाला मी विचारलं, ‘‘वीज गेली तर हे दार उघडेल ना?’’ भाची कुजबुजली, ‘‘मावशी, प्लीज! किती काकूबाईसारखं!’’ त्या मुलाने मात्र हसत आतलं बटण दाबून दार उघडून दाखवलं.

हा प्रश्न काकूबाईचा नाही. ४ जानेवारी २०१९ ला पोलंडमधल्या कोशालिन शहरात पंधरा वर्षांच्या पाच मुली वाढदिवसासाठी अशाच खोलीत खेळत होत्या. बाहेरच्या भागात गॅसगळतीने आग लागली. सुटकेची धड वाटच नव्हती. पाचही जणी धुराने गुदमरून गेल्या. मग सरकारने देशभरातल्या अशा खोल्या तपासल्या आणि अनेक बंद केल्या. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलमध्ये आग लागली, त्यात चौदा जण गेले. बहुतेक बायकाच होत्या.

दोष तंत्रज्ञानाचा नाही. विजेच्या चुंबकाचं कुलूप वीज असेपर्यंतच दार धरून ठेवतं, वीज तोडली की सोडतं. किल्लीचं कुलूप मात्र किल्ली ज्याच्या हाती त्याच्यावर अवलंबून! म्हणून विचारायचं : वीज गेल्यावर दार उघडतं का? आत आणीबाणीचं बटण आहे का? कॅमेऱ्यासमोर तासभर कुणी बसतं का? आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं?

आमच्या गिरगावच्या चाळींत कुणी जिन्यात सायकल किंवा जुनं कपाट लावलं की शेजारच्या काकू पहिल्या ओरडायच्या. त्यांना सगळे कटकट्या म्हणायचे. पण जिना मोकळा राहायचा तो त्या कटकटीमुळेच.

तेव्हा मैत्रिणींनो, खुशाल जा, मनसोक्त खेळा. पण आत शिरण्याआधी हे चार प्रश्न विचारा. मुलं ‘इश्श’ म्हणतील, म्हणू देत. आणि उत्तर धड मिळालं नाही, तर पैसे परत मागून सगळ्यांना घेऊन सरळ भेळ खायला जा!