सहल, मिठी आणि पत्र



दिवाळीनंतर आपल्या करंजा-उरण-पनवेलकडच्या शाळांच्या सहली कर्नाळ्याला निघतात. १९६८ साली जाहीर झालेलं हे पक्षी अभयारण्य आज सुमारे १२ चौरस किलोमीटरचं आहे. आपण बसमधून उतरतो, आणि पन्नास-साठ मुलांच्या गलक्याने पक्षी आधीच उडून जातात. मग कुणीतरी म्हणतं, "अशांना आत सोडूच नये!"

मला हे पटत नाही. गलका थांबवायलाच हवा. गट लहान करा, डबे फाटकाबाहेरच खाऊन घ्या. पण फाटकच बंद केलं, तर उद्या या जंगलासाठी बोलणार कोण?

मुंबईचं आरे आठवा. तिथे लोक रोज सकाळी फिरायला जातात, तिथे आदिवासी पाडे आहेत. म्हणूनच ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा शेकडो माणसं धावली. उच्च न्यायालयाने त्याच दिवशी याचिका फेटाळल्या होत्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. आणि काम कशाने थांबलं? कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने तेच पत्र याचिका मानलं, सुट्टी असूनही ७ तारखेला सुनावणी घेतली आणि पुढची तोड थांबवली.

पण तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती, हेही मुलांना सांगा. त्याआधी हजारो नागरिकांनी पालिकेकडे लेखी हरकती दिल्या होत्या, तरी परवानगी मिळाली. पुढे कारशेड आरेतच झालं आणि २०२४ मध्ये मेट्रो धावू लागली. म्हणजे नुसत्या पत्राने सगळं होतं असं नाही. रस्त्यावरची माणसं नसती तर त्या पत्राकडे कुणाचं लक्ष गेलं असतं का, कोण जाणे! आणि पत्र नसतं, तर माणसं कोठडीत आणि करवत चालूच राहिली असती.

मेट्रोही लोकांसाठीच होती, तिच्या बाजूनेही मुद्दे आहेत. तेही वर्गात मांडू द्या. दुसऱ्याची बाजू ऐकली नाही तर आपली हरकत कच्ची राहते.

आपण मात्र काय शिकवतो? 'झाडे लावा, झाडे जगवा' अशी घोषणा, आणि परीक्षेत रोपवाटिकेला रोपांची मागणी करणारं पत्र. छान आहे, पण त्याच पत्रलेखनात हरकतीचं पत्रही घ्या ना! शहरात झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आधी नोटीस द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. ही नोटीस कशी वाचायची, मुदतीत कुणाला लिहायचं, कोणत्या मुद्द्यांवर लिहायचं, हे दहावीच्या मुलाला यायला नको का?

पालकहो, तुम्हीही एक करा. सहलीहून आल्यावर "मजा आली का?" एवढंच विचारू नका. "काय पाहिलंस, आणि ते नाहीसं झालं तर कुणाला पत्र लिहिशील?" हेही विचारा.

ज्याने जंगल पाहिलंय, तोच त्याच्यासाठी लिहील. म्हणून सहल बंद नको. सहलीनंतरचा तास मात्र बदलूया.