शेतकरी कुटुंबाने सहलीस का जाऊ नये?

सहल ही शहरवासीयांची चैन होय, असा समज ग्रामीण भागात रूढ आहे. शेतकरी घराबाहेर पडतो तो बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी, लग्नकार्यासाठी किंवा दवाखान्यासाठी. घरातील स्त्री माहेरी जाते किंवा यात्रेस जाते. मुलांना शाळेने नेले तरच चार गावे दिसतात. सारे कुटुंब मिळून केवळ पाहण्यासाठी व विसाव्यासाठी निघाले, असा प्रसंग विरळाच. ही स्थिती बदलणे अगत्याचे आहे.

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्याचे उदाहरण घ्यावे. कळमनुरी तालुक्यातील हे गाव नांदेड–हिंगोली मार्गावर असून केळी व हळद ही या परिसरातील महत्त्वाची पिके आहेत. केळीच्या पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. हळदीची काढणी सुरू झाली की शिजवणे, वाळवणे व पॉलिश करणे यांत उन्हाळा उजाडतो. तथापि रब्बीची पेरणी उरकल्यावर आणि हळद काढणीस येण्यापूर्वी, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, दोन दिवसांची सवड काढणे अशक्य नाही.

यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. कळमनुरी, हिंगोली या मार्गाने प्रथम नर्सी गाठावी. कयाधू नदीच्या काठचे हे लहानसे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने पंजाबातील भाविकही येथे येतात. दूरदेशीचा माणूस ज्या गावी येतो, ते गाव जिल्ह्यातील मुलांनी पाहिलेले नसावे, ही गोष्ट भूषणावह नव्हे.

तेथून औंढा नागनाथास जावे. बारा ज्योतिर्लिंगांत गणल्या जाणाऱ्या या देवालयाच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. खालचे जुने दगडी काम व वरचे नंतरच्या काळातील बांधकाम यांतील फरक मुलांना सहज दाखविता येतो. दर्शन घेऊन लगेच मोटारीत बसण्याऐवजी देवालयाला सावकाश एक फेरी घालावी.

परतीच्या वाटेवर वसमत आहे. ‘वसमत हळदी’स २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठीही वसमतचीच निवड झाली आहे. बाजाराच्या दिवशी तेथील लिलाव कुटुंबासह पाहावा. हळद वेचणारी, वाळविणारी व निवडणारी बहुधा घरातील स्त्रीच असते. परंतु त्याच मालाचा भाव कसा ठरतो, ओलसर वा मिसळलेल्या मालास कमी दर का मिळतो, हे तिने प्रत्यक्ष पाहिलेले नसते. एकदा पाहिले म्हणजे पुढील वर्षी घरच्या खळ्यावर प्रतवारी कशी करावी, हे तिला वेगळे सांगावे लागणार नाही.

जनावरांकडे कोण पाहील, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पेरणी-काढणीस सावड चालते, तशी ती सहलीसही चालावी. यंदा एका घराने दोघांची जनावरे व पाण्याची पाळी सांभाळावी, पुढील खेपेस दुसऱ्याने. खर्चासाठी मात्र कर्ज काढू नये. बियाणे व खत यांप्रमाणे वर्षाच्या अंदाजपत्रकातच सहलीची लहानशी रक्कम बाजूस ठेवावी. एस. टी. ने जावे व घरची शिदोरी बरोबर घ्यावी, म्हणजे हा भार जड होत नाही.

बैलाला वर्षातून एक दिवस पोळ्याचा विसावा देण्याची रीत या शेतकऱ्यानेच पाळली आहे. तोच विचार त्याने स्वतःच्या व घरच्या माणसांच्या बाबतीतही करावा. दोन दिवस शेत सोडल्याने शेत बुडत नाही; उलट आपल्याच मुलखाची ओळख घेऊन परतलेले कुटुंब अधिक उमेदीने कामास लागते.