निरीक्षकांच्या पाठीशी कोण?

सप्टेंबर १९९१मध्ये बगदादच्या एका इमारतीत संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांच्या हाती इराकच्या अणुबॉम्ब कार्यक्रमाची कागदपत्रे लागली. ती परत केल्याशिवाय सोडणार नाही, असे इराकी अधिकाऱ्यांनी बजावले. निरीक्षकांनी नकार दिला. डेव्हिड के यांच्या नेतृत्वाखालचे ते ४४ जण चार दिवस वाहनतळावर अडकून पडले. त्यांच्याकडे शस्त्र नव्हते. उपग्रह फोन होता, आणि त्यावरून ते जगभरच्या पत्रकारांशी बोलत होते. अखेर कागदांची यादी करून देण्याच्या बोलीवर त्यांची सुटका झाली आणि कागदपत्रे त्यांच्याकडेच राहिली. इराक नमला तो फोनला भिऊन नव्हे. आखाती युद्ध संपून जेमतेम सात महिने झाले होते आणि अमेरिकी विमाने अजून त्या टापूत घिरट्या घालत होती.

महासत्तेच्या पाठबळाशिवाय आंतरराष्ट्रीय संस्था एखाद्या देशाला शस्त्रे टाकायला लावू शकते का, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे. ठराव करणे, मोजदाद करणे, नष्ट झालेल्या साठ्याची खातरजमा करणे ही कामे संस्था करते आणि उत्तम करते. पण बंद दार उघडायला लावण्याची ताकद तिच्या अंगी नसते. मात्र एवढ्यावर थांबले, तर अर्धेच सत्य हाती लागते. ते पाठबळ कसले असावे, हा खरा प्रश्न आहे.

एप्रिल १९९१च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावात सुरक्षा परिषदेने इराकपुढे एक सौदा ठेवला होता. रासायनिक व जैविक अस्त्रे, अणुकार्यक्रम आणि १५० किलोमीटरपेक्षा लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडा. ते पूर्ण झाले की तुमच्या तेलविक्रीवरची बंदी उठेल. त्यासाठी ‘अनस्कॉम’ हा विशेष आयोग नेमला गेला. बगदादच्या वायव्येकडील मुथन्ना संकुलात या आयोगाच्या देखरेखीखाली मस्टर्ड वायूचे रसायन भट्टीत जाळले गेले आणि चेतासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषारी द्रव्यांचे रासायनिक विघटन करण्यात आले. गळक्या तोफगोळ्यांशी आणि रॉकेटांशी महिनोन्‌महिने झटण्याचे हे काम जिवावर बेतणारे होते. आयोगाच्या देखरेखीखाली रासायनिक दारूगोळ्याचे ३८ हजारांहून अधिक नग निकामी झाले. युद्धात बॉम्बफेकीने जेवढी अस्त्रे नष्ट झाली, त्याहून अधिक या शांत, चिकाटीच्या कामाने नष्ट केली, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या लक्षात आहे.

पण ज्या पाठबळावर हे साधले, त्यानेच पुढे आयोगाचा पाया पोखरला. मार्च १९९७मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडेलीन ऑलब्राइट यांनी जाहीरपणे सांगितले, की इराकने शस्त्रांबाबतच्या अटी पाळल्या तर निर्बंध उठवावेत, हे अमेरिकेला मान्य नाही. म्हणजे सौद्याची दुसरी बाजूच गेली. बक्षीस मिळणारच नसेल, तर सद्दाम हुसेन यांनी सहकार्य कशासाठी करावे? ते हुकूमशहा होते, खोटे बोलत होते, जैविक कार्यक्रम त्यांनी वर्षानुवर्षे दडवला. हे सगळे खरे. तरीही वचन मोडले ते परिषदेच्या बाजूने. पुढे जानेवारी १९९९मध्ये अमेरिकी गुप्तचरांनी आयोगाचा वापर हेरगिरीसाठी केल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे झाले. त्याआधीच, डिसेंबर १९९८मध्ये, निरीक्षकांना माघारी बोलावून अमेरिका व ब्रिटनने बॉम्बफेक केली होती.

२००२च्या अखेरीस निरीक्षक पुन्हा बगदादला गेले, ते अमेरिकी फौजा सीमेलगत जमू लागल्या होत्या म्हणूनच. निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनीही तसे मान्य केले. मार्च २००३मध्ये इराक आपली अल समूद क्षेपणास्त्रे त्यांच्यासमोर चिरडत होता. ब्लिक्स यांनी आणखी काही महिने मागितले. ते मिळाले नाहीत. निरीक्षकांना १८ मार्चला बाहेर पडावे लागले आणि दोन दिवसांनी युद्ध सुरू झाले. नंतर अमेरिकेच्याच शोधपथकाला अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. धाक काम करत होता. धाक दाखवणाऱ्यालाच त्याचे फळ नको होते.

सीरियाची कथा याहून वेगळी आहे. २०१३मध्ये घौटातील सरीनच्या हल्ल्यानंतर अमेरिका व रशिया यांनी एकत्र येऊन आराखडा केला आणि परिषदेने तो २११८ क्रमांकाच्या ठरावाने उचलून धरला. सुमारे १,३०० टन जाहीर केलेली रसायने डेन्मार्क व नॉर्वेच्या जहाजांनी लताकिया बंदरातून नेली; त्यातली सर्वांत घातक अमेरिकी जहाजावर भर समुद्रात निष्प्रभ करण्यात आली. पण एप्रिल २०१७मध्ये खान शेखूनमध्ये पुन्हा सरीन वापरले गेले. दोषी कोण, हे ठरवणाऱ्या संयुक्त पथकाने सीरिया सरकारकडे बोट दाखवले, आणि त्याच वर्षी रशियाने नकाराधिकार वापरून ते पथकच बंद पाडले. दोन सत्ता एकत्र होत्या तोवर काम झाले. त्या फाटल्या तसे ते थांबले.

महासत्तांना स्वतंत्र संस्था नकोशी वाटते, ही बाबही नजरेआड करून चालणार नाही. रासायनिक अस्त्रबंदी संघटनेचे पहिले प्रमुख, ब्राझीलचे जोझे बुस्तानी, इराकला आपल्या संघटनेत आणण्याच्या प्रयत्नात होते. अमेरिकेच्या पुढाकाराने एप्रिल २००२मध्ये त्यांना मुदतीआधीच पदावरून दूर करण्यात आले.

इराकच्या बाबतीत झालेलीच चूक इराणच्या बाबतीत पुन्हा घडली. २०१५च्या अणुकरारानुसार इराण युरेनियमचे समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांपर्यंत रोखून होता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तसे अहवालामागून अहवालात नोंदवत होती. तरीही मे २०१८मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. एप्रिल २०२१पासून इराण ६० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण करू लागला, आणि जून २०२५मध्ये त्याच्या अणुकेंद्रांवर झालेल्या हल्ल्यांनंतर त्याने संस्थेशी सहकार्यच थांबवले. तेथे किती साहित्य कुठे आहे, हे तपासण्याची जगाची खिडकी त्यामुळे अरुंद झाली. यापुढे जो कोणता करार होईल, त्यात निर्बंध केव्हा व कोणाच्या दाखल्यावर उठतील, हे बंधनकारक शब्दांत लिहिले गेले पाहिजे. आणि तो दाखला निरीक्षकांचा असला पाहिजे, वॉशिंग्टनचा किंवा मॉस्कोचा नव्हे.