नालच्छेदनाची घाई

चरकाने शारीरस्थानात आधी अर्भकाचे प्राणप्रत्यागमन व मुखशोधन, मग नालच्छेदन असा क्रम दिला आहे. प्रसूतिगृहांत मात्र अद्याप अनेकदा मूल बाहेर येताच नाळ चिमट्यात धरली जाते. ही घाई आम्हांस अनाठायी वाटते. स्वीडनमधील संशोधनात तीन मिनिटे थांबून नाळ बांधलेल्या मुलांचे, विशेषतः मुलग्यांचे, हस्तकौशल्य चौथ्या वर्षी सरस आढळले (२०१५). बुद्ध्यंकात फरक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. थांबल्याने मिळणारे रक्त म्हणजे पहिल्या काही महिन्यांची लोहाची शिदोरीच. श्वास न घेणाऱ्या अर्भकाची गोष्ट निराळी. एरवी किमान एक मिनिट थांबण्याविषयी वैद्यबंधूंनी गर्भिणीस व तिच्या नातलगांस आठव्या महिन्यातच सांगून ठेवावे. बालकांच्या लोहकल्पांचा खप त्याने थोडा घटला, तर औषधालयांनी तो सोसावा.