विश्लेषण : स्टेंट बसवला, पण धमनीची जखम भरली का?

अँजिओप्लास्टी झाली, छातीतले दुखणे थांबले, रुग्ण चार दिवसांत हिंडू-फिरू लागला. मग रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या महिनोन्‌महिने कशाला, हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. काही जण त्या परस्पर बंदही करतात. हे धोक्याचे का, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळाले आहे.

जखम कसली?

फुगा फुगवून स्टेंटची जाळी भिंतीत दाबली जाते, तेव्हा धमनीचे नाजूक अस्तर सोलवटते. उघड्या धातूवर प्लेटलेट चिकटतात. पुढे स्नायुपेशी वाढून तारा झाकल्या जातात आणि त्यावर अस्तराच्या पेशी पसरतात. साध्या स्टेंटमध्ये ही वाढ कधी कधी इतकी होई, की धमनी पुन्हा अरुंद होत असे. म्हणून औषध लावलेले स्टेंट आले. अमेरिकेत पहिल्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली. औषधाने पेशींची वाढ रोखली, पण त्यात अस्तराच्या पेशीही आल्या.

सूक्ष्मदर्शकाने काय दाखवले?

धातूसकट धमनीचा पातळ काप काढणे सोपे नाही. साध्या पात्याने ऊती फाटतात. ती कठीण प्लास्टिकमध्ये बसवून टंगस्टन कार्बाइडच्या पात्याने कापावी लागते. अमेरिकेतील मेरीलँड येथील डॉ. रेणू विरमानी यांच्या चमूने मृत्यूनंतर मिळालेले असे नमुने तपासले. २००६ मधील त्यांच्या अभ्यासात साध्या स्टेंटवर सरासरी ९० टक्के अस्तर आलेले होते, औषधी स्टेंटवर जेमतेम ५६ टक्के. नमुने पन्नासच्या आत आणि तेही मृतांचे, त्यामुळे ही टक्केवारी सरसकट सर्वांना लागू होत नाही. मात्र वर्ष उलटल्यावरही अचानक गुठळी का होते, याचा उलगडा त्यातून झाला.

आता काय बदलले?

पहिल्या ‘सायफर’ स्टेंटची तार सुमारे १४० मायक्रॉन जाड होती. आजच्या अनेक स्टेंटची ८० किंवा त्याहून कमी असते. बारीक तार लवकर झाकली जाते. त्यामुळे गोळ्यांचा काळ साधारण सहा महिने, हृदयविकाराच्या झटक्यानंतर बारा महिने असा ठरतो. रक्तस्रावाचा धोका असल्यास डॉक्टर तो कमी करतात. अस्तर आले का, हे जिवंत रुग्णात थेट पाहता येत नाही. ‘ओसीटी’ तपासणीत दहा-वीस मायक्रॉनपर्यंतचे बारकावे दिसतात, पण अस्तराचा एकेरी पदर त्याहूनही पातळ असतो.

२०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, तेव्हा देशभर चर्चा झाली. गोळ्यांचा विषय मात्र बहुधा डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीत आटोपतो. दात काढायचा असला तरी त्या थांबवायच्या की नाहीत, हे आधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारावे लागते.