‘माय फादर’ नेमका कुणाचा?

आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. परवा तेथे पाचवीत शिकणाऱ्या एका मुलीची इंग्रजीची वही पाहत होतो. अक्षर मोत्यासारखे. ‘माय फादर’ या विषयावर दहा ओळींचा निबंध, खाली सही आणि दहापैकी नऊ गुण. निबंधात लिहिले होते, ‘माय फादर इज अ बँक मॅनेजर. ही गोज टू हिज ऑफिस बाय कार.’ या मुलीचे वडील महापालिकेत कंत्राटी सफाई कामगार आहेत, हे मला ठाऊक होते. मी विचारले, “बाळ, तुझे पप्पा बँकेत कधी लागले?” तिने मान खाली घातली. म्हणाली, “सर, फळ्यावर तसंच होतं. सगळ्यांनी तेच लिहिलं.”

मी तिला म्हटले, आता तुझ्या पप्पांवर लिही. अर्ध्या तासाने तिने वही पुढे केली. ‘माय फादर वर्क नाईट. ही कम मॉर्निंग. ही ब्रिंग वडापाव फॉर मी.’ व्याकरणाच्या चुका मोजायला बसलो तर पाच-सहा सहज भरतील. परंतु ही तीन वाक्ये तिची होती. तिच्या आयुष्यात तिने इंग्रजीत केलेले ते पहिले स्वतंत्र विधान होते. शाळेत तिने हेच लिहिले असते तर वही लाल शाईने रंगली असती. दुसऱ्याच्या बापाबद्दल बिनचूक लिहिले म्हणून नऊ गुण आणि स्वतःच्या बापाबद्दल खरे लिहिले तर नापास, असा हा न्याय आहे. आपल्या प्राथमिक शाळांतील इंग्रजीच्या मूल्यमापनाचे सारे दुखणे या एका वहीत आहे.

इंग्रजीचे महत्त्व आंबेडकरी समाजाला कुणी नव्याने सांगण्याची गरज नाही. सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’मधून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन सरकारला बजावले की, वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा उधळू नका, बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे बघा. रामजी सुभेदारांनी भिवाचा इंग्रजीचा अभ्यास घरी कसून करून घेतला. पुढे त्याच भिवाने १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे गाऱ्हाणे साम्राज्यापुढे मांडले. बाबासाहेबांनी इंग्रजी पाठ म्हणून दाखवली नाही, ती हत्यारासारखी वापरली. ‘मूकनायक’ मराठीत आणि जगासमोरचा युक्तिवाद इंग्रजीत, अशा दोन्ही भाषा त्यांनी समर्थपणे चालविल्या.

म्हणूनच २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा अनेक साहित्यिक व शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला तरी वस्त्यावस्त्यांतून त्या निर्णयाचे स्वागत झाले. ज्यांची मुले आधीच इंग्रजी शाळांत होती त्यांनी आपल्या मुलांच्या मराठीची चिंता वाहू नये, ही आपली भावना रास्तच होती. त्या निर्णयाला आता पंचवीस वर्षे झाली. आता प्रश्न विचारला पाहिजे की, वर्गात इंग्रजी आली, पण मुलाच्या हाती काय आले?

हाती आले ते गाईड. रिकाम्या जागा भरा, काळ ओळखा, वचन बदला आणि पाठ केलेला निबंध उतरवा, एवढ्यावर इंग्रजीचा विषय आटोपतो. मुलगा ‘सिंपल प्रेझेंट’ची व्याख्या घडाघडा म्हणतो, पण “काल शाळेत का आला नाहीस?” या प्रश्नाचे उत्तर त्याला इंग्रजीत देता येत नाही. व्याकरण नको, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या समाजाने संविधानातील एकेका शब्दाची किंमत जाणली, तो समाज भाषेच्या काटेकोरपणाला तुच्छ कसा लेखेल? प्रश्न एवढाच आहे की, व्याकरण कशातून शिकवायचे?

जगभरातील अनुभव याबाबत स्पष्ट आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी लेखन-अध्यापनावरील संशोधनाचा आढावा घेतला. नुसते औपचारिक व्याकरण शिकवून मुलांचे लेखन सुधारत नाही, असा निष्कर्ष त्यांनी तेव्हाच काढला. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरील अभ्यास तपासले. त्यांनाही सुटे व्याकरण निरुपयोगी ठरलेले दिसले. उलट दोन लहान वाक्ये जोडून एक मोठे वाक्य करणे, आधी आखणी करून मग लिहिणे, लिहिलेले पुन्हा तपासणे यांचा फायदा आढळला. हे झाले इंग्रजी बोलणाऱ्यांच्या देशाचे. आपल्याला जवळचे उदाहरण फिजी बेटांचे आहे. तेथील खेड्यांतील मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती. एली आणि मंगुभाई या संशोधकांनी चौथी-पाचवीच्या वर्गांत इंग्रजी गोष्टींची चित्रमय पुस्तके भरपूर प्रमाणात ठेवली आणि ती वाचून घेतली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलांचे वाचन झपाट्याने सुधारले आणि दुसऱ्या वर्षी तर त्यांचे लेखन व व्याकरणही सुधारले. पुस्तक हाती आले, तर व्याकरण मागोमाग येते. आपल्याच देशात १९७९ पासून प्रा. एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांत नियम न घोकवता, मुलांना सोडवायला कामे देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला आणि तो जगभर गाजला. आपल्या शाळांपर्यंत मात्र तो किती पोहोचला, हे त्या मुलीची वही सांगते.

आता तिच्या चुकांकडे नीट पाहू या. ‘अ’ आणि ‘द’ तिने गाळले, कारण मराठीत ते नाहीतच. ‘नाईट’च्या आधी ‘अॅट’ लावले नाही, कारण मराठीत ‘रात्री’ म्हटले की काम भागते. आपल्याकडे ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’ शब्दाच्या मागे येतात, इंग्रजीत ते पुढे येतात. आपले क्रियापद शेवटी, त्यांचे मध्ये. ‘वर्क’ला तिने ‘एस’ लावला नाही. पण हीच मुलगी मराठीत ‘मी जाते, तू जातेस, तो जातो’ असे बिनचूक बोलते. कर्ता बदलला की क्रियापद बदलते, हे तिला पाळण्यापासून ठाऊक आहे. तेच तिच्या मराठीतून दाखवून दिले, तर इंग्रजीतला तो एकुलता ‘एस’ तिला जड का जावा? चूक म्हणजे मुलीचा मंदपणा नव्हे. ती एक भाषा पक्की येत असल्याची खूण आहे. ‘यांच्या डोक्यात इंग्रजी शिरतच नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. डोक्याला जात चिकटवण्याची जुनी खोड अशा वाक्यांतून आजही डोकावते.

कायदा या बाबतीत मुलांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २९ म्हणते की, मूल भय आणि तणावापासून मुक्त असावे आणि त्याला काय समजले व ते वापरता येते का, याचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व्हावे. २०१० पासून महाराष्ट्रात आकारिक व संकलित मूल्यमापन आले. कल्पना उत्तम होती. पण झाले काय? वर्णनात्मक नोंदींच्या छापील पुस्तिका बाजारात आल्या आणि मुलांनी गाईडातून निबंध उतरवावा तसे शिक्षक पुस्तिकेतून शेरे उतरवू लागले. सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, वर जनगणना, निवडणुका आणि माहितीचे रोजचे तक्ते. तो चाळीस मुलांची चाळीस वेगळी वाक्ये वाचणार कधी? परंतु २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्ण ठेवण्याची तरतूद आणली आहे. म्हणजे जे धड शिकवले नाही, त्यावर नापास होण्याची पाळी पुन्हा आपल्याच लेकरांवर. अशा वेळी प्रश्नपत्रिकेत काय विचारले जाते, ही किरकोळ बाब राहत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर गाईडात तयार मिळते, तो प्रश्न लेखनाच्या परीक्षेत नसावा. चित्र द्या, घरचा प्रसंग द्या आणि मुलाला चार वाक्ये स्वतःची लिहू द्या. गुण देताना आधी अर्थ पाहा. वाचणाऱ्याला कळले का, याला निम्मे गुण द्या. मग व्याकरण पाहा, तेही त्या महिन्यात शिकवलेला एकच नियम. सगळ्या चुकांना एकदम लाल रेघ मारली तर मूल एवढेच शिकते की, लिहिणे धोक्याचे आहे, उतरवणे सुरक्षित. जूनमधले पान आणि मार्चमधले पान शेजारी ठेवा, प्रगती आपोआप दिसेल. आणि प्रत्येक वर्गात इंग्रजी गोष्टींची पन्नास तरी पुस्तके असावीत, कुलूपबंद कपाटात नव्हे, मुलांच्या हातात.

शासन करील तेव्हा करील. आपण काय करणार? इंग्रजी माध्यमाच्या पाट्या लावलेल्या दुकानांत कर्ज काढून फी भरणारे अनेक बांधव मी पाहिले आहेत. तेथेही तोच फळा आणि तोच बँक मॅनेजर आहे. त्यापेक्षा चौदा एप्रिलच्या वर्गणीतला डीजेवर जाणारा एक हिस्सा विहारातल्या पुस्तकांच्या कपाटासाठी काढता येणार नाही का? नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके परवडणाऱ्या किमतीत मिळतात. वस्तीतले महाविद्यालयीन तरुण आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांजवळ बसू शकत नाहीत का? आणि ज्या आईबापांना इंग्रजी येत नाही त्यांनीही मागे राहू नये. मुलाला विचारा, “आज इंग्रजीत तू स्वतःचे काय लिहिलेस? वाचून दाखव आणि मराठीत सांग.” एवढे रोज विचारले तरी पाठांतराचे पितळ उघडे पडेल.

त्या मुलीसोबत मी ती तीन वाक्ये पुन्हा लिहिली. ‘माय फादर वर्क्स अॅट नाईट. ही कम्स होम इन द मॉर्निंग. ही ब्रिंग्ज अ वडापाव फॉर मी.’ तिने ती रात्री वडिलांना वाचून दाखवली आणि अर्थही सांगितला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “सर, पप्पा म्हणाले, अजून लिही.” त्या बापाला इंग्रजीतले अक्षर येत नाही. पण शिक्षण म्हणजे काय, हे त्याला फळ्यावर बँक मॅनेजर लिहिणाऱ्या व्यवस्थेपेक्षा अधिक कळते. आपल्या मुलांना त्यांच्याच बापाबद्दल इंग्रजीत ताठ मानेने लिहिता आले पाहिजे आणि त्याचे गुण त्यांना मिळालेच पाहिजेत.